खोली वाढवायच्या आधी प्लॅनिंग करून देणाऱ्या इंजिनियर मॅडम : आमचा वर्षभराचा अनुभव

आमचं घर गोव्यात सांखळीच्या बाजूला, आजेसासऱ्यांनी बांधलेलं, मातीत रचलेल्या चिऱ्याच्या भिंती आणि वर मंगळुरी कौलं. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून रात्री उठून मागच्या न्हाणीपर्यंत जाणं त्यांना जमेना, म्हणून त्यांच्यासाठी एक खोली, तिला लागून टॉयलेट-बाथरूम, आणि होतंच आहे काम तर पुढची वसरी म्हणजे ओसरीही सहा फूट वाढवायची, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माणसं मावत नाहीत, असं ठरलं. एकूण 340 चौरस फुटांचं काम.

आठ वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर वाढवलं होतं. तेव्हा प्लॅनिंग असं काही नव्हतंच, एका कंत्राटदाराला बोलावलं, त्याने खडूने जमिनीवर रेघा मारल्या आणि दुसऱ्या दिवशी माणसं खणायला आली. मे संपता संपता स्लॅब ओतला, चार दिवसांत पाऊस, आणि जुनी भिंत नि नवी भिंत जिथे जोडली तिथून गळायला लागलं ते आजतागायत गळतंय, दर पावसाळ्यात तिथे बादली असते. कंत्राटदाराचा फोन लागायचा बंद झाला तो झालाच. त्यामुळे यावेळी मी घरात सांगितलं, आधी कागदावर सगळं होऊ दे, मगच कुदळ लागेल.

या मॅडम कंत्राट घेत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. त्या फक्त प्लॅन, एस्टिमेट, परवानगीचे कागद आणि देखरेख एवढंच करतात, गवंडी-मेस्त आपले आपण आणायचे. फी 55,000, तीन हप्त्यांत, त्यात साइटवर दहा फेऱ्या, त्यापुढे प्रत्येक फेरीचे 1,500. सरकारी फिया वेगळ्या. ऐकून नवरा म्हणाला एवढ्याशा कामाला एवढे कशाला, पण त्या बादलीकडे बोट दाखवलं तर गप्प बसला.

2024 ची चवथ झाली आणि त्या पहिल्यांदा आल्या. मला वाटलं टेप काढून मोजतील. त्यांनी आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, मागितला. त्यावर अजून आजेसासरे आणि त्यांच्या भावाचं नाव, म्हणजे मुंबईच्या काकांची संमती लागणार, आणि गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात म्हणून काकूंचीही सही. हे आम्हाला कोण सांगणार होतं? पायाभरणी झाल्यावर पंचायतीत कुणी हरकत घेतली असती तर काम थांबलंच असतं. काका भले माणूस, दिवाळीला आले तेव्हा दोघांनीही सह्या करून दिल्या. मग सर्व्हे प्लॅन, घरपट्टीची पावती, ड्रॉइंग, टाऊन प्लॅनिंगची टेक्निकल क्लिअरन्स, आरोग्य केंद्राची एनओसी, आणि शेवटी पंचायतीचं लायसन्स. जानेवारीच्या मध्यावर हातात आलं. माझ्या फेऱ्या झाल्याच, पण प्रत्येक वेळी कुठला कागद न्यायचा ते आदल्या रात्री मेसेजवर यायचं, त्यामुळे एकही फेरी फुकट गेली नाही.

त्या अडीच-तीन महिन्यांत कागदांची वाट बघत नुसतं बसायचं नव्हतं. मॅडमनी मला एक मोठी फुलस्केप वही करायला लावली, त्यात तीन रकाने, काय ठरवायचं, कोण ठरवणार, कुठल्या तारखेच्या आत. मला आधी वाटलं शाळेत बसल्यासारखं झालं हे. पण बघा ना, बाथरूमचा नळ कुठला हे टाइल्स लावताना ठरवून चालत नाही, कारण भिंतीत गाडायचा भाग प्लास्टरच्या आधी बसवावा लागतो, म्हणजे नळ जानेवारीतच निवडायचा. दरवाजा तीन फुटांचा हवा, उद्या वॉकर नाहीतर व्हीलचेअर आली तर, आणि उंबरठा नको, म्हणजे जुन्या नि नव्या जमिनीची लेव्हल पाया भरतानाच एक करायची. अशा 63 गोष्टी त्या वहीत झाल्या. सासूबाईंनी स्वतः सांगितलं खिडकी तुळशीच्या बाजूला हवी आणि बिछान्यावर बसून दिसेल इतकी खाली हवी, तेही लिहिलं, आणि तशीच झाली.

त्यातली एक ओळ मॅडमनी स्वतः लिहिली होती : माटोळीचे हूक. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळाफुलांनी भरलेली लाकडी चौकट. वाढवलेल्या वसरीत गणपती बसणार तर माटोळी कशाला टांगणार, वर तर आता कौलाचे वासे नाहीत, स्लॅब आहे. मग स्लॅबच्या सळ्या बांधल्या तेव्हाच 12 एमएमचे चार हूक जाळीला अडकवून खाली सोडले आणि मग काँक्रीट ओतलं. नंतर स्लॅबला ड्रिल मारत बसलो असतो.

आता सळ्यांचं सांगते, कारण हे प्रत्येकाने करावं असं आहे. पहिली खेप आली तेव्हा मॅडमनी 12 एमएमच्या सळीचा बरोबर एक मीटरचा तुकडा कापायला लावला आणि मला विचारलं, घरात वजनकाटा आहे का. मी चकलीचं पीठ मोजते तो काटा आणला. तुकडा भरला 815 ग्रॅम. हिशोब सोपा, जाडीचा वर्ग करायचा आणि 162 ने भागायचं, 12 गुणिले 12 म्हणजे 144, भागिले 162, मीटरला 888 ग्रॅम यायला हवेत. थोडं इकडेतिकडे चालतं, या जाडीला पाच टक्क्यांपर्यंत, पण हे आठ टक्के कमी होतं. म्हणजे सळी बारीकच. मी काटा घेऊनच दुकानात गेले, दुकानदाराने आधी आवाज चढवला, मग खेप बदलून दिली. नव्या खेपेचा तुकडा 870 भरला. बिल करताना वजनावर पैसे दिले म्हणून फसत नाही असं कुणी म्हणेल, पण बीमवर भार येतो तेव्हा बारीक सळी ती बारीकच ना.

आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो जोड. मॅडमचं म्हणणं, मातीत रचलेली जुनी भिंत आणि पिलरवरचं नवं काम, दोघं सारखे बसत नाहीत, नवा पाया पहिली काही वर्षं थोडा दबतो, म्हणून त्यांना एकमेकांत गुंफायचंच नाही. नवे पिलर जुन्या भिंतीपासून लांब घेतले, म्हणजे पिलरखालचा पाया, फुटिंग, खणताना जुन्या पायाखालची माती हलली नाही, आणि दोन भिंतींत एक इंचाची फट ठेवून थर्माकोल भरला, वर पट्टी. गवंड्याला हे पटेना, तो दोनदा म्हणाला चिरे एकात एक घालतो, पक्कं होईल. स्वयंपाकघरात नेमकं तेच केलं होतं आणि तिथेच तडा गेलाय, तो नेऊन दाखवला. जुन्या कौलांच्या पागोळ्या नव्या स्लॅबवर पडणार म्हणून स्लॅबला उतार बाहेरच्या बाजूला, आणि पाणी जायला चार इंची पाइप एक नाही दोन, कारण वर आंबा आहे, एक पानाने तुंबला तर दुसरा चालू राहतो.

तारखांच्या बाबतीत बाई फार कडक. बाहेरचं प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग 15 मेच्या आत, त्यापुढे एक दिवस नाही. आम्हाला वाटायचं पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात, एवढी घाई कशाला. फेब्रुवारीत फुटिंग, एप्रिलच्या सुरुवातीला स्लॅब, मग दहा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ स्लॅबवर पाण्याचे वाफे भरून ठेवले विहिरीच्या पंपाने, आणि प्लास्टर 13 मेला संपलं. 2025 चा पाऊस तुम्हाला आठवत असेलच, 20 मेपासूनच कोसळायला लागला आणि 25 च्या आसपास मान्सूनच आला गोव्यात. त्या आठवड्यात मी रोज टॉर्च घेऊन त्या जोडावर हात फिरवून बघायचे. कोरडा. चार महिन्यांच्या पावसात कोरडाच राहिला.

खर्च : एस्टिमेट 9 लाख 10 हजारांचं, झाले 9 लाख 84 हजार. दहा टक्के बाजूला ठेवा असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यात भागलं. वाढले ते मुख्यतः चिऱ्यांमुळे आणि एका फुटिंगखाली भरावाची माती निघाली, तिथे दोन फूट जास्त खणावं लागलं. मॅडमच्या फीसकट सगळं धरलं तर बादलीवाल्या स्वयंपाकघरापेक्षा ते स्वस्तच पडलं म्हणेन मी, त्याच्या दुरुस्त्यांवर आतापर्यंत किती गेले तेही मी त्याच वहीत मागच्या पानावर मांडून बघितलंय.

पटलं नाही तेही लिहिते. ड्रॉइंग सगळी इंग्रजीत, गवंड्याला वाचता येईनात, शेवटी मी बसून एकेका मापापुढे मराठीत लिहिलं. हे त्यांनीच करायला हवं होतं. लाइटच्या ड्रॉइंगमध्ये इन्व्हर्टरचा पॉइंट राहिला, आमच्या इथे पावसात लाइट किती जाते माहीत असून राहिला, मग तयार भिंत फोडावी लागली. आणि एप्रिलमध्ये त्यांच्या तीन-चार साइट एकदम चालू असतात, फोन उचलत नाहीत, संध्याकाळी सातनंतरच उत्तर येतं, तोवर माणसं हातावर हात धरून बसलेली आणि त्यांची रोजंदारी मात्र चालू. दहा फेऱ्या पुरल्या नाहीत, दोन जास्त लागल्या, 3,000 वेगळे दिले.

बाथरूममधल्या धरायच्या दांड्यासाठी भिंतीत आधीच जागा पक्की करून ठेवलीय, दांडा तेवढा लावायचा राहिलाय. पण सासूबाई आता रात्री कुणाला न उठवता जातात. 27 ऑगस्टच्या चवथीला माटोळी त्या चार हुकांवर चढली, नारळ, सुपाऱ्यांचे घोस, पेर, निरफणस सगळं घेऊन, जराही हलली नाही, आणि यावेळी आरतीला कुणाला अंगणात उभं राहावं लागलं नाही.

तुम्हाला आपलं काम मॅडमना दाखवायचं असेल तर एवढंच लक्षात ठेवा की मॅडम पावसानंतरची कामं जुलैतच ठरवतात. आमच्या शेजारचे नोव्हेंबरात गेले, त्यांचं आता पुढच्या वर्षावर गेलंय.