ऑक्सिजनचा एअरग्लो मोजायचा: रॉकेट, कॅमेरा की उपग्रह?

गोव्यातल्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी रात्रीच्या आकाशातला ऑक्सिजनचा मंद उजेड, म्हणजे एअरग्लो, निवडलात तर साधन कोणतं घ्यायचं हे आधी ठरवावं लागतं. माझं मत सरळ सांगतो. हा उजेड ज्या हवेच्या थरातून येतो त्याची उंची आणि जाडी हवी असेल तर साउंडिंग रॉकेटला, म्हणजे उपकरणं घेऊन वर जाऊन काही मिनिटांत परत खाली येणाऱ्या छोट्या रॉकेटला, तोड नाही. पण सुरुवात कॅमेऱ्यानेच करा.

दिवसा अतिनील किरणांनी ऑक्सिजनचे रेणू फुटतात. रात्री सुटे अणू पुन्हा जोडले जातात, आणि ९७ किमीच्या आसपास ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा उजेड पडतो. ६३० नॅनोमीटरचा लाल उजेड साधारण २५० किमीवरून, आयनोस्फिअरमधून, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वरच्या थरातून येतो. आपल्यासारख्या विषुववृत्ताजवळच्या भागात हिरव्यातही थोडा वाटा त्या वरच्या थराचा असतो. जमिनीवरून पाहताना हिरव्याचे हे दोन्ही थर एकत्रच दिसतात. रॉकेट त्यांना वेगळं करतं.

कसं? रॉकेटवरचा फोटोमीटर, म्हणजे उजेड मोजणारं उपकरण, वरच्या दिशेने रोखलेला असतो. थराखाली असेपर्यंत त्याला सगळा थर दिसतो. थरात शिरलं की खाली राहिलेल्या भागाचा उजेड वजा होत जातो, आणि थर ओलांडल्यावर तारे व वरचा उजेड तेवढा उरतो. दर किलोमीटरला उजेड जितका घटला, तितका त्या किलोमीटरचा. १५० किमी गाठणारं रॉकेट शंभराव्या किलोमीटरला सेकंदाला जवळपास एक किमी वेगाने असतं, म्हणजे दहा किमीचा थर दहाच सेकंदांत मागे पडतो. उतरताना आणखी एक संधी. शिवाय ७६२ नॅनोमीटरचा पट्टा खालच्या हवेतला ऑक्सिजनच गिळतो. तो जमिनीवरून दिसतच नाही, रॉकेटला दिसतो. मार्च १९८२मध्ये स्कॉटलंडच्या साउथ उइस्ट बेटावरून सोडलेल्या पेट्रल रॉकेटांनी उजेड आणि अणुरूप ऑक्सिजन दोन्ही मोजले, म्हणून हिरव्या उजेडाची दोन टप्प्यांची रासायनिक प्रक्रिया (आधी दोन अणू जोडले जातात, मग त्या रेणूची ऊर्जा तिसऱ्या अणूला मिळून तो उजळतो) आकड्यांवर तपासता आली. असं काम दुसऱ्या कुठल्याच साधनाने झालं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

पण हे सगळं एका रात्रीचं, काही मिनिटांचं. थर तासातासाला बदलतो. सगळं आकाश एकदम टिपणारं फिशआय भिंग आणि अरुंद फिल्टर लावलेला कॅमेरा रात्रभर पाहतो. लाल उजेडातले प्लाझ्मा बुडबुड्यांचे, म्हणजे आयनोस्फिअरमधल्या विरळ पोकळ्यांचे, काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना त्यात स्पष्ट दिसतात. कोल्हापुरातून अशी निरीक्षणं झाली आहेत. गोव्यात जून ते सप्टेंबर ढगांमुळे विसराच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या अमावास्येच्या आसपासच्या रात्री धरा, आणि पणजी-वास्कोपासून दूर, नेत्रावळीकडे जागा शोधा. एलईडीचा पांढरा उजेड सलग वर्णपटाचा असल्याने फिल्टरमधूनही आत येतो, म्हणून शेजारच्या तरंगलांबीचा दुसरा फिल्टर लावून तो वजा करावा लागतो. काचेवर दव साचतं, तेव्हा हीटर हवाच.

उपग्रहाचं थोडक्यात: २००१मध्ये सोडलेल्या नासाच्या टाइमेड उपग्रहावरच्या सेबर या उपकरणाचा डेटा फुकट मिळतो, उंचीही कळते, पण आडव्या दिशेने शेकडो किलोमीटरची सरासरी होते.

म्हणून कॅमेरा आणि सेबर जोडीने वापरा. त्यातूनही उंचीचा प्रश्न सुटला नाही तरच रॉकेटसाठी प्रस्ताव लिहा. इस्रोचं आरएच-२०० हे साउंडिंग रॉकेट साधारण ८० किमीपर्यंतच जातं, ते या कामाचं नाही. हिरव्यासाठी आरएच-३०० मार्क-२ मागा, लालसाठी आरएच-५६०.