हॉस्पिटलच्या वेबसाइटचं काम आणि माझे बुडालेले ३,३२०.५० डॉलर

हे लिहायला चार महिने लागले, कारण लाज वाटत होती. अकरा वर्षं वेबसाइट आणि व्हिडिओचं काम करतेय. जादा पैसे पाठवायचे आणि त्यातले काही तिसऱ्याला द्यायला लावायचे, ही चाल तुम्हाला माहीत आहे तशी मलाही होती. नवीन मुलांना मीच सांगत आले. तरी फसले, कारण या वेळी ती चाल माझ्याच धंद्याच्या भाषेत बोलत आली.

परदेशातल्या एका हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागाच्या नावाने मेल आला. नऊ पानांची साइट, अपॉइंटमेंटचा फॉर्म आणि पेशंटने घरी करायच्या व्यायामांचे चौदा छोटे व्हिडिओ. शूटिंग झालंय, फक्त एडिटिंग हवं. लिहिणारा विभागाचा समन्वयक. ऐकू फार कमी येतं, त्यामुळे फोन नको, मेलवरच बोलू, म्हणाला. या एका वाक्याने माझं तोंड बंद झालं. ऐकू न येणाऱ्या माणसाला ‘फोनवर बोला, नाहीतर काम घेत नाही’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं? पण हॉस्पिटलच्या खऱ्या साइटवरचा नंबर शोधून विभागात मी फोन करू शकत होते. मेलखाली दिलेला नंबर नव्हे, खरा. तुम्ही तेवढं कराच.

मी ३,२०० डॉलरचं कोटेशन दिलं, निम्मे म्हणजे १,६०० आगाऊ. घासाघीस शून्य. मग कळलं की लोगो, डॉक्टरांचे फोटो आणि शूटिंगच्या फाइली एका कंटेंटवाल्याकडे अडकल्यात, त्याचे २,७०० डॉलर द्यायचे आहेत आणि तो कार्ड घेत नाही. ‘मी सगळे तुमच्याकडे भरतो, त्याचे त्याला पाठवा, तुमच्या त्रासाचे ५० वेगळे.’ एकूण ४,३५०. आता वाचताना कोणालाही कळेल. पण हॉस्पिटलात बिलं कशी अडकतात ते मी खऱ्या कामांत पाहिलंय. एका खात्याची सही दुसऱ्या खात्यावाचून होत नाही. म्हणून मला ते खरं वाटलं.

आणि सबटायटल्स. ही गोष्ट मला अजून रात्री झोपू देत नाही. पैसे येण्याआधी मी स्वतःहून लिहिलं होतं की व्यायामाच्या व्हिडिओंना सबटायटल्स घालू, ऐकू न येणाऱ्या पेशंटना उपयोग होईल. त्याचं उत्तर आलं, ‘गरज नाही, वेळ वाया जाईल.’ ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो माणूस, पेशंटसाठीच्या व्हिडिओंना सबटायटल्स नको म्हणतो! मी ती ओळ वाचली, क्षणभर थांबले आणि पुढचा मेल उघडला. तिथेच उठायला हवं होतं. पेशंटच्या लेखी संमतीबद्दलही एक अक्षर नव्हतं. खरं हॉस्पिटल पेशंटचा चेहरा दिसणारं फुटेज संमतीची बाब मिटल्याशिवाय हातात देत नाही.

पहिलं कार्ड नाकारलं गेलं. दुसरंही. तिसऱ्यावरून २,००० आले, चौथ्यावरून २,३५०. एका विभागाची चार कार्डं. ‘कार्डाला मर्यादा आहे,’ म्हणाला. मान्य केलं. पेमेंट ‘मंजूर’ दिसलं म्हणजे पैसे आपले झाले असं नसतं. त्या घडीला कार्ड चालू होतं, एवढाच त्याचा अर्थ. खऱ्या कार्डधारकाला तक्रारीसाठी साधारण १२० दिवस मिळतात, आणि कार्ड समोर नसताना, ओटीपीसारखी पडताळणी न होता घेतलेल्या पैशांचा भुर्दंड बहुतेक वेळा घेणाऱ्यावर येतो.

गुरुवारी मी २,७०० डॉलर बँकेतून पाठवले. शुक्रवारी सहा क्लिप आल्या. काही एमबीच्या फाइली, चित्राचे चौकोन फुटलेले, कोपऱ्यात कापलेल्या लोगोची कड, आणि आवाजाखाली संगीत. कच्च्या फुटेजला पार्श्वसंगीत कुठून येणार? एडिटिंगवाला मुलगा म्हणालाच, ‘ताई, हे यूट्यूबवरून उतरवलेलं वाटतंय.’ मी त्याला म्हटलं, क्लायंटने दिलंय ना, संगीत काढून टाक. त्या दुपारी बँकेला फोन केला असता तर कदाचित पैसे थांबले असते. कंटेंटवाल्याच्या नावाने पैसे मागितले की आधी एक मूळ फाइल मागा, कॅमेऱ्यातून निघालेली. चोराला ती देता येणार नाही.

सव्वीस दिवसांनी, कार्डांच्या खऱ्या मालकांच्या तक्रारीवरून, दोन्ही पेमेंट परत ओढली गेली, ४,३५०. वर दोन तक्रारींचे १५-१५ डॉलर माझ्याकडून. पेमेंट कंपनीने आधी कापलेलं १३०.५० कमिशन परत नाही. एडिटरला ४०० दिले होते, ते त्याच्या मेहनतीचे, मागणार नाही. संगीताचे हक्क ६० डॉलरचे. त्या २,७०० सकट बेरीज शीर्षकात आहे. समन्वयकाचे मेल त्याच दिवशी बंद.

माझी बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही फक्त विनंती करू शकतो. ज्या बँकेत गेले ती म्हणाली, खातेदाराची माहिती देता येत नाही. म्हणजे चोराची गोपनीयता सांभाळायची, आणि मी कोण? कार्डाच्या बँकेने तर तुम्ही आमचे ग्राहकच नाही म्हणून फोन ठेवला. पेमेंट कंपनीने पुरावे मागितले, मी एकेचाळीस पानं पाठवली, दोन ओळींचं उत्तर आलं: निर्णय कार्डधारकाच्या बाजूने. कार्डधारकाचा दोष नाहीच, त्याचंही कार्ड चोरीला गेलं होतं. पण त्या पानांतला कंटेंटवाल्याचा खाते क्रमांक एकानेही तपासायला घेतला नाही. पोलीस ठाण्यातून सायबर विभागात, तिथून परत ठाण्यात. एका टेबलावर विचारलं, ‘शिकलेल्या आहात ना?’ शिकलेली आहे म्हणूनच तारखांसकट अर्ज आणला होता. त्या क्लिपांत चालायला शिकणाऱ्या एका आजीबाईंचा चेहरा होता, म्हणून खऱ्या हॉस्पिटललाही कळवलं. लेखी पाठवा, म्हणाले. पाठवलं. उत्तर नाही.

पैसे गेल्याचं कळताच पहिल्या तासात बँकेला कळवा, मग रडा. मेलमधला एकही शब्द पुसू नका.

मागच्या आठवड्यात पुन्हा ठाण्यात गेले तर तपास अधिकारी बदलले होते. नव्या साहेबांनी अर्ज उलटा-सुलटा करून विचारलं, ‘वेबसाइट म्हणजे नक्की काय घेऊन गेला तो?’ मी खुर्ची ओढली आणि पहिल्या मेलपासून पुन्हा सांगायला लागले.