'घरचा सर्व्हर' म्हणून विकलेला डबा

वरूड तालुक्यातील आमच्या संत्रा बागायतदारांच्या गटाला 'घरचा सर्व्हर' (सर्वांच्या नोंदी घरीच साठवून एकमेकांच्या मोबाइलवर पोहोचवणारे यंत्र) म्हणून जो डबा विकण्यात आला, त्यात आमची एकही नोंद कधी साठवली गेलीच नव्हती. अशीच फसवणूक इतर कोणाची होऊ नये, म्हणून झालेला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

गटातील प्रत्येक जण आपल्या बागेच्या नोंदी मोबाइलवर ठेवतो. ताण (बहार यावा म्हणून झाडाचे पाणी बंद ठेवणे) कधी दिला व कधी तोडला, डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) कोणत्या झाडांवर दिसला, त्यावर बोर्डो पेस्ट हे बुरशीनाशक कधी लावले, फळगळ किती झाली, आणि सर्वांत नाजूक बाब म्हणजे आंबिया बहाराचा (संत्र्याच्या एका हंगामाचा) सौदा कोणत्या व्यापाऱ्याशी कितीला ठरला व इसार किती हाती आला. या नोंदी सर्वांच्या मोबाइलवर सारख्या राहाव्यात, मात्र सौद्याचे आकडे गटाबाहेर जाऊ नयेत, एवढीच आमची गरज होती. संगणकाचे काम करणाऱ्या एका विक्रेत्याने "भाऊ, तुमचं सारं या डब्यातच राहीन, बाहीर काईच जात नाई," अशी खात्री देऊन माझ्या घरी राउटरशेजारी तो डबा बसवला. डबा आणि एक टीबीची (सुमारे हजार जीबीची) डिस्क मिळून 22 हजार रुपये, शिवाय 'लायसन्स व सर्टिफिकेट' या नावाखाली दरवर्षी 6 हजार रुपये त्याने लावले. सर्वांच्या मोबाइलवर जॉप्लिन हे टिपणांचे अ‍ॅप टाकून दिले. एकाने लिहिलेले टिपण दुसऱ्याच्या मोबाइलवर खरोखरच दिसू लागले, त्यामुळे शंका घेण्याचे कारण उरले नाही.

जूनच्या वादळात विजेचे खांब पडले आणि गावचा पुरवठा दुसऱ्या दिवसापर्यंत बंद राहिला. इन्व्हर्टर उतरला, राउटर बंद पडला, डब्यावरचा हिरवा दिवाही विझला. त्याच दुपारी गटातील एका सहकाऱ्याने वरूडच्या बाजारातून बुरशीनाशकाच्या भावाचे टिपण लिहिले आणि ते नागपूरला शिकणाऱ्या माझ्या पुतण्याच्या मोबाइलवर थोड्याच वेळात पोहोचले. त्याने लगेच फोन करून विचारले, "काका, लाइन आली का?" लाइन आलेली नव्हती. ज्या यंत्रातून नोंदी इकडून तिकडे जातात ते यंत्रच बंद असेल, तर मोबाइलवर जुन्या नोंदी दिसतील. नवी नोंद दुसऱ्याकडे जाणे मात्र शक्य नाही. ती गेली, याचा अर्थ आमचा सर्व्हर माझ्या घरी नव्हता.

पुतण्या गावी आल्यावर आम्ही डबा उघडला. आत रास्पबेरी पाय नावाचा जुना, तळहाताएवढा संगणक होता. हे यंत्र या कामाला पुरेसे आहे, पण त्यात नोंदींची सेवा बसवलेलीच नव्हती. दिवा लागण्यापुरती ऑपरेटिंग सिस्टीम तेवढी होती. डिस्कचे आवरण उघडले तेव्हा मात्र संताप आवरेना. एक लहान मेमरी कार्ड गरम गोंदाने चिकटवलेले होते आणि हाताला वजन लागावे म्हणून शेजारी लोखंडाची पट्टी बसवलेली होती. संगणकाला जोडल्यावर ती डिस्क आपली क्षमता एक टीबीच सांगत असे, कारण अशा बनावट डिस्कमध्ये खोटी क्षमता कळवणारी आज्ञावली भरलेली असते. एफ-थ्री नावाचा मोफत प्रोग्राम डिस्क पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहतो. त्याने खरी जागा 32 जीबीच्या आतच असल्याचे दाखवले.

जॉप्लिनच्या सेटिंगमध्ये सिंक्रोनायझेशनखाली (नोंदी सर्व मोबाइलवर सारख्या ठेवण्याच्या सोयीखाली) जो पत्ता होता, तो विक्रेत्याच्या नावावरील, इंटरनेटवरील भाड्याच्या यंत्राचा निघाला. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बाहेरचा पत्ता दिसला म्हणजे फसवणूक झालीच, असे नाही. आपल्याकडील बहुतेक इंटरनेट जोडण्यांमध्ये अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक) असतो, त्यामुळे बाहेरून थेट घरच्या यंत्रापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून प्रामाणिक कारागीरही वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून घरच्या यंत्रापर्यंतचा बंदिस्त मार्ग, वापरतो, अथवा मध्ये बाहेरचे एखादे यंत्र ठेवतो. म्हणून खरे काय ते ठरवण्यासाठी पत्त्यावर विसंबून न राहता डब्याचा प्लग काढावा, एका मोबाइलवर नवे टिपण लिहावे आणि ते दुसऱ्या मोबाइलवर येते का ते पाहावे. यंत्र खरोखर घरी असेल, तर दोन्ही मोबाइलवर सिंक्रोनायझेशन चुकल्याचा संदेश येईल.

वार्षिक रकमेचे सांगायचे तर जॉप्लिन हे अ‍ॅप मोफत आहे, आणि पत्त्याशी होणारी जोडणी सुरक्षित ठेवण्यास लागणारे सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा विनामूल्य देते. हे सर्टिफिकेट थोड्या मुदतीचे असते व यंत्र त्याचे नूतनीकरण आपोआप करते.

सर्वांत गंभीर बाब अशी की, टिपणे कुलूपबंद करण्याची सोय जॉप्लिनमध्ये असते, परंतु ती आपण स्वतः सुरू करावी लागते. विक्रेत्याने ती सुरू केलीच नव्हती. आमचे सौदे त्याने कोणाला सांगितले असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. मात्र गटातील प्रत्येकाचा सौदा आणि इसार त्याला हवा तेव्हा वाचता येईल, अशा स्थितीत तो सारा काळ पडून होता.

पैसे परत मागताच त्याने त्या भाड्याच्या यंत्राचा पासवर्ड बदलला. जॉप्लिन टिपणांची पूर्ण प्रत प्रत्येक मोबाइलवर ठेवते, म्हणून मजकूर बचावला. फोटोंचे तसे झाले नाही. डेटा वाचवण्याच्या नावाखाली त्याने 'टिपण उघडल्यावरच फोटो उतरवावा' अशी सेटिंग केली होती, त्यामुळे डिंक्या लागलेल्या खोडांचे कितीतरी फोटो ज्याने जोडले किंवा ज्यांनी उघडून पाहिले, त्यांच्या मोबाइलखेरीज इतर कोणाकडेच राहिले नाहीत. ज्यांना असा संशय आहे, त्यांनी विक्रेत्याला काही कळवण्यापूर्वी सर्व फोटो संगणकावरील जॉप्लिनमध्ये उतरवून घ्यावेत आणि संपूर्ण वही जेईएक्स या जॉप्लिनच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवावी.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारदार जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. आम्ही तशी तक्रार केली आहे. सोबत पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश आणि उघडलेल्या डिस्कचे फोटो जोडले आहेत. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.