पोकेमॉन व्हायोलेट: आठ महिने डबल्स खेळल्यावर टीमबद्दल जे कळलं ते

फेब्रुवारीपासून मी पोकेमॉन व्हायोलेटमध्ये जवळजवळ फक्त डबल्सच, म्हणजे दोन विरुद्ध दोन पोकेमॉनच्या लढतीच, खेळतेय. मुंबईच्या चुलतभावाने त्याचा जुना स्विच (निन्टेंडोचा गेमिंग कन्सोल) मला देऊन टाकला, त्यात हा गेम होता, डीएलसीसकट, म्हणजे नंतर आलेल्या जादा भागांसकट. स्टोरी मी त्याच्याच स्विचवर मागच्या गणपतीत आणि दिवाळीत संपवली होती, छान आहे, तिच्यावर काही लिहीत नाही. लिहायचंय ते टीम बांधण्यावर, कारण पहिले तीन महिने मी सपाटून हरले आणि का हरतेय तेच कळत नव्हतं, तेव्हा कोणीतरी मराठीत नीट सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं असं वाटायचं.

मी वेंगुर्ल्याला असते, काजू फॅक्टरीत हिशेबाचं काम करते. मार्च ते मे सीझन, तेव्हा रात्री एखादीच मॅच व्हायची. पावसाळ्यात मात्र भरपूर खेळले, तेही लाईट असेल तेव्हा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नियम पटकन. सहा पोकेमॉन न्यायचे, समोरच्याचे सहा आपल्याला दिसतात, आपले त्याला दिसतात, ९० सेकंदांत सहातले चार निवडायचे, मैदानात दोन-दोन उतरतात. सगळे लेव्हल ५० चे धरले जातात. एकच आयटम टीममध्ये दोघांना देता येत नाही. टेरा, म्हणजे पोकेमॉनचा टाईप (फायर, वॉटर वगैरे जात) बदलायचा, ते अख्ख्या मॅचमध्ये एकदाच आणि एकालाच. आम्ही भावंडं रेग्युलेशन एचचे, म्हणजे अधिकृत स्पर्धांच्या एका नियमसंचाचे, नियम धरून खेळतो, म्हणजे लेजेंडरी आणि पॅराडॉक्स हे जड पोकेमॉन नाहीत, त्यामुळे घरातल्या घरात बरोबरीचा खेळ होतो.

माझी पहिली टीम म्हणजे जे जे जोरात मारतात ते सगळे. गारचॉम्प, ड्रॅगनाइट, गोल्डेन्गो असे. पहिल्या दोन टर्नमध्ये समोरचा एक तरी पडायचा आणि मग माझे एकामागोमाग एक चारही जायचे. कुडाळचा मावसभाऊ, कॉलेजात आहे, माझ्यापेक्षा खूप आधीपासून खेळतो, त्याने दोन-तीन मॅच शेजारी बसून बघितल्या आणि म्हणाला, "गो ताय, सगळेच मारूक धावले तर मागे सांभाळतलो कोण?" तेव्हा मला वाटलं हा डिफेन्सबद्दल बोलतोय. म्हणून दुसरी टीम केली ती सगळी जाडजूड, मार खाणारी. तीही हरली, फक्त सावकाश हरली.

मग तिसरी टीम मी टाईप चार्ट समोर ठेवून केली. फायर-वॉटर-ग्रास एकमेकांना झाकतात, ड्रॅगन-फेअरी-स्टील एकमेकांना झाकतात, कागदावर कुठेही भोक नाही. ही बरीच चालली, अजूनही माझ्या टीमचा सांगाडा तोच आहे, पण यातूनच मला खरी गोष्ट कळली की बॅलन्स म्हणजे टाईपची बेरीज नव्हे. मॅचमध्ये तुमचे सहा कधीच एकत्र नसतात, चार असतात, आणि एका वेळी दोनच दिसतात. त्यामुळे कुठलेही चार उचलले तरी त्यात मारणारा कोण, वेग कोण सांभाळणार, मार अंगावर कोण घेणार आणि गडबड झाली की आत-बाहेर कोण करणार हे ठरलेलं पाहिजे, आणि शक्य तर एका कामाला दोघं जण पाहिजेत, कारण एकटा जो करतो तो पहिल्याच टर्नला मारला जातो.

आमच्याकडे जत्रेला दशावतार असतो. त्यात संवाद लिहून दिलेले नसतात. आख्यान ठरतं, राजपार्टी कोण, स्त्रीपार्टी कोण, राक्षस कोण ते ठरतं, आणि मग रंगमंचावर समोरच्याचं वाक्य पकडून पुढे न्यायचं. मला टीम प्रिव्ह्यूचे ९० सेकंद तसे वाटतात. आख्यान ठरवायला तेवढाच वेळ, पुढचं सगळं आयत्या वेळी, पण प्रत्येकाला आपला पार्ट माहीत असतो म्हणून ते उभं राहतं.

आत्ताची टीम: इन्सिनरोर, अमूंगस, प्रिमरिना, गारचॉम्प, गोल्डेन्गो, व्हिम्सिकॉट.

इन्सिनरोरबद्दल सगळेच बोलतात आणि ते खरं आहे. तो मैदानात आला की इंटिमिडेटने समोरच्या दोघांचा अटॅक एक पायरी खाली, म्हणजे फिजिकल मार दोन-तृतीयांशावर येतो. फेक आऊटने एकाची पाळी वाया घालवायची, मग पार्टिंग शॉट मारून अटॅक आणि स्पेशल अटॅक दोन्ही उतरवत स्वतः बाहेर पडायचं आणि दुसऱ्याला सुखरूप आत आणायचं. नंतर परत यायचं, परत इंटिमिडेट. एक मोठी चूक मी केली होती, त्याला असॉल्ट व्हेस्ट दिलं होतं. ते घातलं की स्टेटस मूव्ह (ज्या थेट मारत नाहीत त्या) चालत नाहीत, म्हणजे पार्टिंग शॉटच बंद. आता सिट्रस बेरी असते. आणि समोर किंगॅम्बिट दिसला की जपून, त्याच्या डिफायंटमुळे इंटिमिडेट लागला की त्याचा अटॅक एक उतरतो आणि दोन चढतो, म्हणजे आपणच त्याला ताकद दिली.

अमूंगस हा माझा सगळ्यात आवडता. स्पोर, म्हणजे झोपवणारी मूव्ह, शंभर टक्के लागतो, ग्रास टाईपवाले आणि सेफ्टी गॉगल्सवाले सोडून. रेज पावडरने समोरच्यांचे वार स्वतःवर ओढून घेतो, बाहेर गेला की रिजनरेटरने एक-तृतीयांश एचपी (म्हणजे जीव) परत. मे महिन्यापर्यंत मी त्याला टीममध्ये घ्यायलाच तयार नव्हते, मारत नाही म्हणून. आता तो नसेल तर हात चालत नाही.

गारचॉम्पला अर्थक्वेक द्यायचा मोह सगळ्यांना होतो. डबल्समध्ये तो आपल्या जोडीदारालाही लागतो, आणि माझ्याकडे इन्सिनरोर आणि गोल्डेन्गो दोघेही ग्राउंडला कच्चे. एकदा स्वतःचाच गोल्डेन्गो पाडला तेव्हा फार वाईट वाटलं, त्याच्यासाठी ९९९ नाणी गोळा केली होती मी. आता स्टॉम्पिंग टॅन्ट्रम ठेवलाय, एकालाच लागतो पण घर जळत नाही. टेरा स्टील केलाय, कारण गारचॉम्पचे तीन कच्चे दुवे आईस, ड्रॅगन, फेअरी, आणि स्टील नेमका हे तिन्ही अडवतो. गोल्डेन्गोचा मेक इट रेन समोरच्या दोघांना एकदम लागतो, दोघांना लागणाऱ्या मूव्हचा जोर पाऊणपट होतो तरी पुरतं, पण प्रत्येक वेळी त्याचा स्वतःचा स्पेशल अटॅक उतरतो, म्हणून त्याला दोनदा वापरून बाहेर काढायचं. इथे पुन्हा इन्सिनरोर कामाला येतो.

वेगाबद्दल जरा जास्त लिहिते कारण मला हेच सगळ्यात उशिरा कळलं. मी डोळे मिटून प्रत्येकाला २५२ ईव्ही (ट्रेनिंगचे पॉईंट) स्पीडमध्ये आणि २५२ अटॅकमध्ये टाकायचे. एकूण ५१० मिळतात, म्हणजे संपलंच सगळं, एचपीला काही उरत नाही. मग मावसभावाने आकडे मांडून दाखवले. लेव्हल ५० ला गोल्डेन्गोचा स्पीड एकही ईव्ही न घालता १०४. व्हिम्सिकॉटने टेलविंड लावला की दुप्पट, २०८. आणि समोरच्या गारचॉम्पने अगदी नेचरसकट (स्वभाव, जो एक स्टॅट वाढवतो) सगळं स्पीडमध्ये ओतलं तरी तो १६९, स्नीझलर १८९. म्हणजे टेलविंडवर खेळायचंच असेल तर गोल्डेन्गोला स्पीडचे ईव्ही लागतच नाहीत, ते सगळे एचपीत टाकले. त्या दिवसापासून तो एक वार जास्त झेलायला लागला, आणि एका वारात मॅच फिरते हो. लेव्हल ५० ला पहिला पॉईंट ४ ईव्हींना मिळतो, पुढचा प्रत्येक ८ ला, हे लक्षात ठेवलं की उगाच कुठेतरी ६ ईव्ही पडून राहत नाहीत.

व्हिम्सिकॉटचा प्रॅन्क्स्टर असल्याने टेलविंड आधी लागतो आणि जोडीदार त्याच टर्नला वेगवान होतो. पण टेलविंड चार टर्नच टिकतो आणि त्यात लावण्याचा टर्नही मोजला जातो. शिवाय फेक आऊट त्याच्याही आधी लागतो, समोरच्याने पहिल्याच टर्नला व्हिम्सिकॉटवर मारला तर टेलविंड गेलाच. कोव्हर्ट क्लोक दिलं तर फेक आऊटने बिचकत नाही, पण मग फोकस सॅश (पूर्ण एचपीवर असताना एका फटक्यात पडू न देणारं) नाही आणि तो तसा नाजूक, एका फटक्यात जातो. दोन्ही वापरून बघितलं, अजून ठरत नाहीये.

गणपतीत चाकरमानी भावंडं आली, चार स्विच घरात. रात्री भजन आटपलं की पडवीत बसून मॅच, लोकल वायरलेसवर, त्यामुळे नेटचा प्रश्नच नाही. तिथे मी सलग तीन मॅच एकाच टीमला हरले. फारिजिराफ आणि टॉर्कोल. फारिजिराफच्या आर्मर टेलमुळे फेक आऊटसारख्या आधी लागणाऱ्या मूव्ह त्या दोघांवर चालतच नाहीत, तो निवांत ट्रिक रूम लावतो, आणि मग सगळ्यात हळू तो सगळ्यात आधी. टॉर्कोलचा बेस स्पीड २०, उन्हात जोर वाढलेला फायरचा इरप्शन, मी टेलविंड लावून बसलेली, म्हणजे आपणच शेवटी. रात्री झोप नाही आली मला. दुसऱ्या दिवशी दुपारी उकडीचे मोदक वळताना सुचलं की मी प्रत्येक मॅचला व्हिम्सिकॉट आणि गोल्डेन्गो हीच जोडी पुढे पाठवतेय, माझ्याकडे इन्सिनरोर, अमूंगस, प्रिमरिना असे तीन हळू गडी आहेत आणि ते ट्रिक रूममध्ये मलाच चालतात. व्हिम्सिकॉट घरी ठेवला. प्रिमरिना पुढे, तिला फायरचा मार अर्धाच लागतो, शेजारी इन्सिनरोर, तोही फायर अडवतो, आणि ट्रिक रूमचे पाच टर्न म्हणतात त्यात लावायचा टर्न धरलेला असतो, उरले चार, त्यातला एक प्रोटेक्टने (त्या टर्नचा मार अडवणारी मूव्ह) आणि एक अदलाबदलीत घालवला. जिंकले. टीममधला एकही पोकेमॉन बदलला नव्हता, एक मूव्हही नाही.

आता त्रासाचं. ट्रेनिंगला पैसे आणि वेळ दोन्ही जातात. एका व्हिटामिनने १० ईव्ही, एक स्टॅट भरायला २६ व्हिटामिन, एकाला १०,००० गेममधले, म्हणजे एका स्टॅटचे दोन लाख साठ हजार. नेचरसाठी मिंट वेगळं, टेरा बदलायला ५० शार्ड वेगळे. म्हणून आता मी आधी शोडाउनवर, म्हणजे पोकेमॉन लढतींच्या सिम्युलेटरवर, खेळून बघते, ब्राउझरमध्ये फुकट चालतं, टीम पाच मिनिटांत लिहून होते, फोनवरही होतं आणि नेटची एक कांडी असली तरी बऱ्यापैकी चालतं. तिथे वीस-तीस मॅच टिकली तरच व्हायोलेटमध्ये पैसे घालायचे. जुलैत लाईट गेली की राऊटर बंद आणि जिंकत आलेली मॅच हातची जायची, तेव्हा रडू यायचं. शोडाउन फोनच्या डेटावर चालू राहायचं.

अजून एक. लोकांच्या टीम जशाच्या तशा उचलू नका. मीही उचलल्या. मोठ्या खेळाडूची टीम त्या दिवसाच्या स्पर्धेसाठी बांधलेली असते. २०१४ ला वॉशिंग्टनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सेजुन पार्क पाचिरिसू घेऊन जिंकला, एवढीशी इलेक्ट्रिक खार, फॉलो मीने ग्यारडॉसवरचे वार अंगावर घेत होती. पाचिरिसू भारी म्हणून नाही, त्या जागेला जे काम हवं होतं ते तिला जमत होतं म्हणून. मला अमूंगसची किंमत ती फायनल बघूनच पटली.

माझी सहावी जागा मात्र अजून पक्की नाही. व्हिम्सिकॉट ठेवायचा की ड्रॅगनाइटला टेलविंड शिकवून आणायचा, मल्टिस्केलमुळे पूर्ण एचपीवर तो पहिला वार अर्ध्यावर झेलतो आणि फेक आऊट खाल्लं तरी दुसऱ्या टर्नला टेलविंड लावायला जिवंत असतो, पण मग दोन ड्रॅगन होतात आणि आईसला दोघेही चौपट कच्चे. शोडाउनवर अकरा मॅच झाल्यात, सहा जिंकल्या. व्हिटामिन घेऊन ठेवलीत, शार्ड अजून १८ कमी आहेत.