इंग्लंडातल्या फ्लॅटची लीज वाढवायचीये: कायद्याची नोटीस की फ्रीहोल्डरशी परस्पर मिटवायचं?

लंडन, रेडिंग वगैरे करून पुण्यात परत आलेत, पण तिकडचा फ्लॅट विकला नाही, भाड्याने दिलाय, अशी बरीच मंडळी बाणेर-बालेवाडीला भेटतात. त्यांना फ्रीहोल्डरचं (जमीन-इमारतीच्या मूळ मालकाचं) पत्र येतं की लीज (फ्लॅट ठेवायचा ठरावीक वर्षांचा हक्क) १२५ वर्षांची करून देतो, एवढे एवढे पाउंड द्या, फार वकिली नको. आकडा बघून हुरळून जाऊ नका (हे सगळं इंग्लंड-वेल्सचं सांगतोय, स्कॉटलंडचं वेगळं आहे).

तुमच्या लीजची ८२ वर्षं शिल्लक असतील तर १२५ म्हणजे वाढली किती, तर फक्त ४३. तेच १९९३ च्या कायद्याखाली नोटीस दिली की शिल्लक वर्षांवर ९० मिळतात, म्हणजे १७२, आणि वर ग्राउंड रेंट (फ्रीहोल्डरला दरवर्षी द्यायचं जमिनीचं भाडं) कायमचं शून्य. परस्पर केलं तर २०२२ च्या कायद्यामुळे फ्रीहोल्डरला ग्राउंड रेंट वाढवून घेता येत नाही हे खरंय, पण जुन्या लीजची मुदत संपेपर्यंत जुनंच चालू ठेवता येतं, आणि त्यात दर २५ वर्षांनी डबल असलं काही कलम असेल तर तेही तसंच राहतं. त्यामुळे दोन्हीकडचे नुसते प्रीमियमचे (लीज वाढवायला द्यायच्या रकमेचे) आकडे शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवण्यात अर्थ नाही, किती वर्षं आणि किती ग्राउंड रेंट हे आधी लिहून काढा.

परस्पर व्यवहाराची जमेची बाजू एकच, झटपट होऊ शकतो. शंभरच्या वर वर्षं शिल्लक आहेत, ग्राउंड रेंट किरकोळ आहे, फ्रीहोल्डर माणूस बरा आहे, तर करा खुशाल. पण सह्या होईपर्यंत तो कधीही मागे फिरू शकतो, आकडा बदलू शकतो, आणि तुम्ही काहीही करू शकत नाही.

नोटिशीत (सेक्शन ४२) तसं नाही. नोटीस ज्या दिवशी दिली त्या दिवसाची किंमत धरतात, फ्रीहोल्डरला उत्तराला किमान दोन महिने द्यायचे, त्याने मुदत चुकवली तर कोर्टाकडून तुमच्याच अटींवर लीज मिळवता येते. उत्तर आलं पण आकडा जुळत नाही तर सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे जायचं, ही तारीख चुकली तर नोटीस बाद आणि पुढची १२ महिने थांबून. खर्च आहेच, त्याच्या व्हॅल्युअरची आणि सॉलिसिटरची वाजवी फी सध्या आपल्याच माथी, ट्रायब्युनलला गेलात तर तिथला खर्च मात्र ज्याचा त्याचा. पूर्वी फ्लॅट दोन वर्षं नावावर असावा लागायचा, ती अट ३१ जानेवारी २०२५ ला गेली. आणि पुण्यात बसलेल्यांसाठी कामाचं म्हणजे २०१४ पासून नोटिशीवर मालकानेच सही करायला हवी असं राहिलेलं नाही, सॉलिसिटर करू शकतो.

आता ८० चा आकडा. ८० पेक्षा जास्त वर्षं असतील तर मॅरेज व्हॅल्यू लागत नाही. ८० किंवा कमी झाली की लीज वाढवल्यामुळे फ्लॅटची जी किंमत वाढते (हीच मॅरेज व्हॅल्यू) तिचा अर्धा वाटा फ्रीहोल्डरचा, आणि बिल एकदम चढतं. २०२४ च्या नव्या कायद्यात मॅरेज व्हॅल्यू काढलीये आणि ९० ऐवजी ९९० वर्षं दिलीयेत, पण ती कलमं कायदा मंजूर झाल्याबरोबर लागू झाली नाहीत, त्यासाठी सरकारने वेगळा आदेश काढावा लागतो. त्यामुळे तुमची ७२-७३ शिल्लक असतील, विकायचं नाही, रीमॉर्गेज नाही, तर थांबून बघणं मला पटतं. पण ८१ वर असाल तर नव्या कायद्याच्या भरवशावर ८० ओलांडू देणं म्हणजे निव्वळ जुगार, आधी नोटीस टाका.

सगळ्यांनी मिळून फ्रीहोल्डच, म्हणजे इमारतीची मालकीच, घ्यायची हा तिसरा मार्ग, त्याला किमान निम्मे फ्लॅटवाले लागतात. इथे सोसायटीच्या डीम्ड कन्व्हेयन्ससाठी कागद गोळा करताना काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको, आणि तेही साडेचार-साडेपाच तासांच्या फरकाने फोनवर. बिल्डिंगमध्ये कोणी तिथलाच खटपट्या पुढे झाला असेल तरच त्यात पडा.

पैसे शक्यतो तिकडच्या भाड्याच्या खात्यातूनच द्या. इथून पाठवायचे तर एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत चालतं, पण दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते, रिटर्न भरताना तो वळता होतो पण तोवर पैसे अडकतात.

आणि फ्लॅट विकायचाच असेल तर अख्खी लीज वाढवत बसायची गरज नाही, नोटीस देऊन ठेवायची आणि विक्रीबरोबर तिचा हक्क घेणाऱ्याच्या नावे करायचा, पुढचा प्रीमियम तो बघेल. मात्र नोटीस आधी आणि ट्रान्सफर नंतर, आणि नोटिशीचा हक्क व फ्लॅट दोन्ही एकाच वेळी हस्तांतरित व्हायला हवेत हे सॉलिसिटरकडून ईमेलवर लिहून घ्या.