मर्फीचं निळं पुस्तक: प्रेझेंट परफेक्ट पक्कं करायचंय तर हेच घ्या

इंग्लिश ग्रामर इन यूज, म्हणजे रेमंड मर्फीचं केंब्रिजवालं निळं पुस्तक. १९८५ ला पहिल्यांदा आलं, माझ्याकडे पाचवी आवृत्ती आहे, २०१९ ची. मी संध्याकाळी बारावी-ग्रॅज्युएशन झालेल्या मुलामुलींचं इंग्रजी घेते, सगळे इंटरव्ह्यूची तयारी करणारे. पुस्तकात १४५ युनिट्स आहेत पण मी इथे फक्त प्रेझेंट परफेक्टबद्दल लिहितेय कारण आपली मुलं अडकतात ती हमखास तिथेच.

गो-वेंट-गॉन तोंडपाठ असतं, हॅव-हॅज आणि तिसरं रूप हे तर झोपेतून उठवलं तरी सांगतील, पण ते कधी वापरायचं हे कुणी धड समजावलेलंच नसतं. आपण मराठीत 'मी २०२२ ला बीकॉम केलंय' असं अगदी सहज बोलतो, मग तेच इंग्रजीत 'आय हॅव डन माय बीकॉम इन २०२२' होऊन बाहेर पडतं. साल आलं, काल आलं, गेल्या आठवड्यात आलं की इंग्रजीत सरळ साधा पास्टच हवा. मर्फीनं हा फरक घाईत उरकलेला नाही, ७ आणि ८ मध्ये नुसतं परफेक्ट, मग कंटिन्युअस, मग किती दिवसांपासून वगैरे, आणि ते सगळं बसल्यावर १३ आणि १४ अशी पूर्ण दोन युनिट्स परफेक्ट की पास्ट यावरच. डाव्या पानावर समजावलेलं, उजव्या पानावर लगेच एक्सरसाइज, त्यामुळे वाचलं आणि विसरलं असं होत नाही.

युनिट १२ तर मला सगळ्यात आवडतं, फॉर आणि सिन्सचं. 'पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय' हे पोरं 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' करतात, एका वाक्यात दोन चुका, हवं 'आय हॅव लिव्हड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स'. मी फळ्यावर दोन रकाने करते, फॉरखाली दोन तास, तीन महिने, पाच वर्षं आणि सिन्सखाली सोमवार, दिवाळी, दहावी. मग मुलं स्वतःच भर घालायला लागतात आणि गाडं रुळावर येतं.

पण नुसत्या गाळलेल्या जागा भरून बोलता येणार नाही हेही सांगते. उजवं पान झालं की जोडीनं बसा, एकानं विचारायचं 'हॅव यू एव्हर बीन टू रायगड', दुसरा म्हणणार 'येस, आय हॅव', की लगेच पुढचा प्रश्न 'व्हेन डिड यू गो'. इथे हॅव सोडून डिडवर उडी मारावी लागते, बोलताना असंच होतं ना, गेलायस का हे परफेक्टमध्ये आणि मग कधी, कुणाबरोबर, कसा गेलास हे सगळं पास्टमध्ये. ही उडी जमली की काम झालं, माझ्या मते खरी प्रॅक्टिस हीच, आणि ती पुस्तकाबाहेर रोज करावी लागते.

समजावणं सगळं इंग्रजीतच आहे त्यामुळे ज्यांचं अगदीच कच्चं आहे त्यांनी आधी मर्फीचंच लाल पुस्तक घ्यावं, एसेन्शियल ग्रामर इन यूज. आणि हे ब्रिटिश इंग्रजी आहे, अमेरिकन माणूस 'आय हॅव जस्ट ईटन'ऐवजी 'आय जस्ट एट' म्हणतो आणि तेही बरोबरच असतं, मागे अमेरिकन इंग्रजीवर वेगळं परिशिष्ट दिलंय ते जरूर बघा, अमेरिकन क्लायंटशी बोलणाऱ्यांनी तर नक्कीच.

घेताना कव्हरवर 'विथ आन्सर्स' लिहिलंय का ते बघून घ्या, उत्तरं नसलेलीही आवृत्ती मिळते आणि घरी एकट्यानं करणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. शेवटी स्टडी गाइड आहे, ती आधी सोडवा म्हणजे कुठली युनिट्स करायची ते कळेल, पहिल्या पानापासून सुरू करायची काही गरज नाही.