घरचं वेदर स्टेशन आणि निफाडची थंडी: मशीन चांगलं, त्याचा अंदाज बिनकामाचा

निफाड तालुक्यात द्राक्षबाग असताना रात्रीचा गारठा किती होता ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून काय उपयोग, म्हणून हे वायफायवालं वेदर स्टेशन घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या रेंजमधले बरेचसे सेट एकाच साच्यातले वाटतात, वरचं स्टिकर तेवढं बदलतं. बाहेर खांबावर एक युनिट, त्यातच तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस सगळं, आणि घरात आकडे दाखवणारा रंगीत कन्सोल.

रात्रीचं तापमान एकदम भरवशाचं दाखवतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा जो आकडा बातम्यांत येतो त्याच्याशी ताडून बघतो मी, चढउतार बरोबर जुळतात, फक्त आमचा आकडा जरा खालीच राहतो कारण बाग ओढ्याच्या अंगाला सखलात आहे आणि गार हवा जड, ती रात्रभर उताराने येऊन तिथंच साचते. ताडून बघताना एक ध्यानात ठेवा, हवामान खात्याचं किमान तापमान सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचं असतं आणि कन्सोलचा दिवस रात्री १२ ला बदलतो. म्हणजे आज पहाटेपेक्षा रात्री अकराला जास्त गारठा पडला तर कन्सोल तोच आजचा किमान म्हणून दाखवणार. लोक मग मशीनच्या नावाने ओरडतात.

दुपारचं मात्र तसं नाही. सेन्सरवर पांढऱ्या ताटल्यांची चवड आहे सावलीसाठी, पण आत पंखा नाही, वारा पडला की कडक उन्हात एखाद-दोन अंश जास्तच दाखवतं. थंडीचं बघायचं असेल तर चालून जातं.

आता अंदाज. कन्सोलवर सूर्य, ढग, पाऊस अशी चित्रं येतात ना, ती बघून फवारणी ठरवत असाल तर देव तुमचं भलं करो. ते चित्र मुख्यतः हवेचा दाब चढतोय का उतरतोय एवढ्यावर ठरतं, हे युरोपकडच्या हवेला ठीक आहे. आपल्याकडे दाब सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत दोन-तीन हेक्टापास्कल उतरतोच, रात्री दहाला परत चढतो, हे रोजचंच आहे, आभाळात ढगाचा ठिपका नसला तरी. त्यामुळे डिसेंबरात निरभ्र दुपारी आमचा कन्सोल निवांत ढग दाखवत बसलेला असतो. दाब बघायचाच तर काल याच वेळेला किती होता त्याच्याशी लावून बघा. आणि सेटिंगमध्ये आपल्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची टाका, वर जाताना दर आठ-नऊ मीटरला दाब साधारण १ हेक्टापास्कल कमी होतो, ते टाकलं नाही तर आकडे कुणाशीच जुळणार नाहीत.

पैसे वसूल होतात ते ड्यू पॉइंटच्या, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की दव धरतं त्या आकड्यात. मी सूर्य मावळल्यावर तीन गोष्टी बघतो, ड्यू पॉइंट, वारा आणि आभाळ. ड्यू पॉइंट ११-१२ असेल तर तापमान तिथपर्यंत आलं की दव पडायला लागतं, त्यात उष्णता सुटते आणि पुढची घसरण मंदावते. तोच ३-४ वर आला असेल, दोन दिवस उत्तरेचा कोरडा वारा चालू असेल आणि संध्याकाळी तो वारा अचानक पडला, वर ढग नाही, तर समजायचं आज पहाटे काही खरं नाही. थोडा जरी वारा रात्रभर चालू राहिला तर हवा ढवळली जाते आणि आकडा तेवढा खाली जात नाही. पूर्वेकडून दमट हवा आली, ढग आले की रात्र उबदार, पण मग भुरी-डावणी या द्राक्षावरच्या बुरशी रोगांची काळजी, म्हणजे सुख नाहीच.

अलार्म मी १० वर ठेवलाय, त्याखाली गेलं की मण्यांची फुगवण रखडते, फारच गारठलं तर तडे जातात. फोन वाजला की पहाटे ठिबक सोडायचं, बांधाला शेकोट्या करून धूर धरायचा. टीव्हीवाल्यांची थंडीची लाट वेगळी, आपल्यासारख्या सपाट भागात त्यासाठी नुसतं १० च्या खाली जाऊन भागत नाही, सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी खाली लागतं (थेट ४ वर आलं तर मग सरासरी कोण बघतंय), बागेला या व्याख्येशी घेणंदेणं नाही.

तक्रारी आहेत. सगळं एकाच खांबावर ही मूळ गोम, तापमान मोजायचं दीड-दोन मीटरवर आणि वारा मोजायचा १० मीटरवर, एका युनिटला दोन्ही कसं जमणार? मी तापमानाच्या बाजूने गेलो, वाऱ्याचा आकडा कमीच येतो. गच्चीवर तर लावूच नका, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब सोडतो, थंडी दिसणारच नाही. जास्त दव पडलं की पावसाच्या गाळणीतून थेंब ओघळून ०.३ मिमी पाऊस नोंदतो, पहिल्यांदा बघून घरचे पण हसले. वाऱ्याच्या वाट्या अडकल्या तेव्हा दुकानदाराला फोन केला तर एकच उत्तर, रिसेट करा. स्पेअर पार्टचं विचारलं तर फोनच उचलेना. आणि लाईट गेली की कन्सोल बंद, पहाटेचा नेमका डेटा गायब, आम्ही राऊटर आणि कन्सोल दोन्ही इन्व्हर्टरवर घेतलेत.

बाग किंवा स्ट्रॉबेरी असेल तर डोळे झाकून घ्या, पाचपैकी साडेतीन. नुसती हौस असेल तर साधा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि ताटल्यांची पांढरी शील्ड घ्या, निम्म्याच्या आत काम होतं. घेताना वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच चालतं का बघून घ्या, आमच्या राऊटरची ५ वाली लाईन त्याला दिसतच नव्हती.